तीस हजारांचा ‘फ्लॅगशिप’ आणि घुग्घुसचं ऊन

वाचकांच्या पत्रांत आणि फोनवर सध्या एक प्रश्न फिरून फिरून येतो. तीस-पस्तीस हजारांत सत्तर हजारांच्या तोडीचा फोन मिळतो म्हणतात, तो खरंच तसा असतो का? विचारणाऱ्यांत वेकोलिच्या कोळसा खदानीत ड्यूटी करणारे आहेत, सिमेंट आणि लोखंडाच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार आहेत, बारावीनंतर मुलाला नागपूरला धाडणारे आईवडील आहेत. सगळ्यांची अडचण एकच. फोनचं कौतुक ऐकायचं ते मोठ्या शहरात एसीत बसलेल्या माणसाकडून, आणि वापरायचा मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला.

मी स्वतः याच वर्गातला फोन वापरतो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दर सहा-आठ महिन्यांनी मॉडेल बदलतं. या फोनांच्या खोडी मात्र वर्षानुवर्षं त्याच आहेत, आणि विकत घेणाऱ्याला त्याच ठाऊक हव्यात.

कंपनीची कात्री कुठे चालली?

या फोनांचं गणित सरळ आहे. प्रोसेसर महागड्या फोनातला किंवा त्याच्या जवळपासचा घालायचा, जाहिरात त्याचीच करायची आणि बाकी जागी खर्च कापायचा. आपल्याकडे हा प्रकार जुलै २०१४मध्ये शाओमीच्या एमआय ३ने रुजवला. त्या वेळचा दमदार स्नॅपड्रॅगन ८०० प्रोसेसर आणि किंमत १३,९९९ रुपये. ऑगस्ट २०१८मध्ये पोको एफ१ आला. ज्या स्नॅपड्रॅगन ८४५साठी वनप्लस ६ घेणारे ३४,९९९ रुपये मोजत होते, तोच इथे २०,९९९ला होता. पण पाठ प्लॅस्टिकची होती, फोन टेकवून पैसे देण्याचं एनएफसी नव्हतं, आणि सुरुवातीला तर नेटफ्लिक्सचे सिनेमे त्यावर एचडीत दिसतच नव्हते. ते पुढे अपडेट आल्यावर सुटलं. दुकानात फोन हातात घेऊन ही शेवटची गोष्ट कुणाच्या ध्यानात येणार होती?

२०२५चे दोन नमुने घ्या. मे महिन्यात आलेला आयकू निओ १० आणि जूनमधला पोको एफ७, दोन्हींची सुरुवातीची किंमत ३१,९९९ रुपये. प्रोसेसर दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८एस जेन ४, बॅटरी अनुक्रमे ७,००० आणि ७,५५० एमएएच. दोन्ही ताकदीचे, यात वाद नाही. पण आजूबाजूचं जास्त दृश्य टिपणारा दुसरा कॅमेरा दोन्हींत फक्त ८ मेगापिक्सेलचा. लग्नात मांडवातले सगळे एका फोटोत घ्यायला गेलात की कात्री दिसते.

म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं तपासा:

- प्रोसेसरच्या नावातलं ‘एस’. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ वेगळा आणि ८एस जेन ३ वेगळा. ‘एस’वाला हा त्याच घरातला धाकटा. रोजच्या कामाला तो भरपूर होतो, फक्त थोरल्याच्या भावाने घेऊ नका.
- स्टोरेजचा प्रकार. २५६ जीबी लिहिलेलं सगळेच पाहतात. यूएफएस ३.१ की ४.०, हे कुणी विचारत नाही. तीस हजारांत जुना, संथ यूएफएस २.२ देत असतील तर फोन तिथेच ठेवा.
- मेमरी कार्ड. या वर्गात त्याची खाच बहुधा नसतेच. १२८ जीबीचा घेऊन नंतर कार्ड टाकू, हा बेत फसतो.
- अपडेट किती वर्षं. अँड्रॉइडची नवी आवृत्ती किती वर्षं आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं, असे दोन वेगळे आकडे असतात. चार वर्षं वापरायचा असेल तर दुसरा आकडा चारपेक्षा कमी नको. बँकेची ॲप याच फोनवर चालवायची आहेत.
- डब्यात चार्जर आहे का. आणि तो हरवला तर तसाच नवा केवढ्याला पडतो, तेही विचारा. १२० वॅटचा फोन साध्या चार्जरवर बराच रेंगाळतो.

मुख्य कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. दिवसाउजेडी सगळेच चांगले फोटो काढतात. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, हलत्या माणसाचा एक फोटो काढून पाहा, पुरे.

ऊन

आता आपल्याकडच्या खऱ्या परीक्षेकडे येऊ. ॲपल आणि सॅमसंग आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगतात. चंद्रपूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४५च्या पुढे जातो, म्हणजे दोन महिने आपण फोन कंपनीने सांगितलेल्या हद्दीबाहेरच वापरत असतो. त्यात या वर्गातला प्रोसेसर ताकदीचा, म्हणून तापणाराही.

व्हायचं ते असं होतं. दुपारी दोनला रसवंतीवर रस पिऊन क्यूआर स्कॅन करायला फोन बाहेर काढावा, तर जाहिरातीत हजारो निट्सच्या गप्पा मारणारा पडदा मिनिटाभरात आपणहून मंद होतो. हाताची सावली धरून, डोळे बारीक करून आकडा टाकावा लागतो. तो बिघाड नव्हे. आतली उष्णता वाढली की फोन स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो, वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो. महागडे फोनही हेच करतात, फक्त काही जरा उशिरा. त्यामुळे ‘पडदा अंधुक होतो’ म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलात तर ‘फोन ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळेल.

बॅटरीचं नुकसान मात्र कायमचं होतं. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेत पूर्ण भरून ठेवणं सर्वांत वाईट. त्यासाठी:

- सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर मार्च ते जून ती चालू ठेवा. ७,००० एमएएचच्या बॅटरीला ८० टक्क्यांत दिवस निघतो.
- ९० किंवा १२० वॅटचं झटपट चार्जिंग पहाटे किंवा रात्री, कुलरच्या खोलीत करा, तेही कव्हर काढून.
- तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका. आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो. आत दमट हवेचं पाणी होतं आणि वॉरंटी तिथेच संपते. सावलीत, पंख्याखाली, दहा मिनिटं बंद ठेवला की पुरतं.
- गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर फोन सोडून ड्यूटीवर जाऊ नका. भूमिगत खदानीत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे तो बाहेर ठेवावाच लागतो, पण मग लॉकरमध्ये ठेवा.

धूळ आणि रस्ता

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, तीत चंद्रपूर होतं आणि त्या पट्ट्यात घुग्घुसही. इथे राहणाऱ्याला यादीची गरज नाही, गच्चीवर वाळत घातलेली चादर पुरेशी आहे. तीच धूळ चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत जाते.

म्हणून आयपी क्रमांक वाचायला शिका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४मध्ये धुळीला ५, म्हणजे थोडी शिरू शकते. आयपी६४, ६५, ६८ यांत ६, म्हणजे धूळ आत जात नाही. पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी झालेलीच नाही. सगळ्या जाहिराती दुसऱ्या आकड्याच्या, फोन हौदात बुडवून दाखवणाऱ्या. इथल्या माणसाने पहिला आकडा पाहावा. आणि आयपी६८ असला तरी पाणी शिरून बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, हे त्यांच्याच कागदावर बारीक अक्षरांत असतं.

केबल सैल बसायला लागली की भोक खराब झालं असं समजून धावू नका. आत कोळशाची पूड दाबून बसलेली असते. फोन बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने ती काढा. पिन किंवा टाचणी घालू नका. ओल्या बोटांनी हाताळू नका, सिमेंटची धूळ ओल लागली की घट्ट बसते.

रस्त्याचं वेगळंच आहे. कोळशाच्या ट्रकांनी उखणलेल्या रस्त्यावरून चंद्रपूरला रोज ये-जा करणारे अनेक जण हँडलला स्टँड लावून त्यात फोन अडकवतात. सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलने स्वतःच जाहीर सूचना काढली होती की मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो. कारण कॅमेऱ्याच्या आत हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारा हलता भाग असतो, ओआयएस म्हणतात तो. तीस हजारांच्या फोनातही आता हाच भाग येतो. नकाशा पाहायचाच असेल तर फोन खिशात ठेवा आणि कानात एकच इयरफोन घालून आवाजावर जा.

नेटवर्क: घुग्घुसपुरतं पाहू नका

गावात सगळ्या कंपन्यांची रेंज आहे. प्रश्न गडचिरोलीच्या बाजूला गेलं की येतो. तिकडच्या सुरजागडचं लोहखनिज घुग्घुसच्या कारखान्यात येतं, त्या निमित्ताने इथले ड्रायव्हर-मेकॅनिक एटापल्लीकडे जात असतात. कुणाची बहीण भामरागडला शिक्षिका असते. दुर्गम भागात बऱ्याच ठिकाणी बीएसएनएलचाच आधार. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५मध्ये देशभर सुरू झालं. ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे फोनच्या यादीत बँड २८ आणि बँड १ हवेत. भारतात विकायला आलेल्या फोनात ते बहुधा असतात. ‘इम्पोर्टेड पीस आहे, स्वस्तात देतो’ म्हणून कुणी दुसऱ्या देशाचा फोन दाखवला तर तिथे नसू शकतात, आणि त्याची वॉरंटीही इथे चालेलच असं नाही.

दुकानातच तुमचं सिम घालून एक कॉल लावा. दोन सिम वापरत असाल तर दोन्हींवरून.

कुठून घ्यायचा, कसा घ्यायचा

घुग्घुसमधलं ओळखीचं दुकान, चंद्रपूरचं मोठं शोरूम की ऑनलाइन? माझं मत गावातल्या दुकानाच्या बाजूने झुकतं, किंमत ऑनलाइनपेक्षा हजार-पाचशे जास्त असली तरी. अडलं-नडलं तर दुकानदारभाऊंसमोर जाऊन उभं राहता येतं. पण हे पक्क्या बिलावर अवलंबून आहे.

मोबाइलवर एप्रिल २०२०पासून १८ टक्के जीएसटी आहे. तीस हजारांच्या फोनात ४,५७६ रुपये कराचे असतात. ‘बिल नको असेल तर हजार कमी करतो’ म्हणणारा तो कर वाचवत असतो आणि तुमचा पुरावा घालवत असतो. मागितल्यावर बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि फोनचा आयएमईआय क्रमांक, दोन्ही लिहून घ्या.

आयएमईआय पाहायला फोनवर *#०६# दाबा. डब्यावरचा, फोनमधला आणि बिलावरचा क्रमांक एकच हवा. नंतर इंग्रजी अक्षरांत केवायएम, जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२वर पाठवा. फोन खरा की बनावट, चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, हे कळतं. जुना फोन घेताना तर याशिवाय पैसेच देऊ नका.

ऑनलाइन घेतलात तर डबा फोडल्यापासून अखंड व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असेल तर फोन सुरू करून पाहिल्यावरच ओटीपी सांगा. डिलिव्हरीवाला पोरगा घाईत असतो, ‘आधी ओटीपी द्या, मग पाहा’ म्हणतो. तुम्ही थांबवा.

हप्त्यांचं पाहू. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे फुकट कर्ज नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली आहे. व्याज लागतं, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. समजा फोन ३२,००० रुपयांना आहे आणि रोख किंवा कार्डावर एकरकमी घेतला तर २,००० रुपये सूट. नऊ हप्ते साधारण ३,५५६ रुपयांचे. ते भरून तुम्ही पूर्ण ३२,००० दिलेत आणि वर प्रोसेसिंग फी. म्हणजे दोन हजारांची सूट हुकली, तीच हप्त्याची किंमत. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. तरी सोय म्हणून हप्ता घ्यायला हरकत नाही, पण सही करण्यापूर्वी:

- कर्जाचा वार्षिक दर आणि सगळे आकार लिहिलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. ते देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे.
- तुम्हाला न सांगता विमा जोडलाय का, पाहा. स्क्रीनचा विमा हवा तर कंपनीचा स्वतःचा घ्या. दुकानाच्या चिठ्ठीवरचा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ नेमका कोण भरून देणार, हे विचारलं की बरेचदा उत्तर येत नाही.
- हप्ता चुकला तर फोन बंद पाडणारं ॲप टाकणार आहेत का, स्पष्ट विचारा.

जुना फोन एक्स्चेंजला देताना आधी गुगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. गल्लीत ‘जुना मोबाइल द्या, टब-बादली घ्या’ ओरडत येणाऱ्याला तो कदापि देऊ नका, बंद पडलेला असला तरी. त्यात तुमचे फोटो असतात आणि फोनची ओळखही तुमच्याच नावाशी जोडलेली असते.

पहिले पंधरा दिवस

दोष असेल तर बहुधा याच दिवसांत कळतो, आणि बदलून मिळण्याची शक्यताही याच दिवसांत जास्त. ऑनलाइन खरेदीत बदलून देण्याची मुदत अनेकदा जेमतेम सात दिवसांची असते.

पांढरं आणि मग काळं चित्र पूर्ण पडद्यावर लावून ठिपके, रेघा पाहा. एमोलेड पडद्यांवर उभी हिरवी रेघ येण्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या फोनांबाबत झाल्या आहेत, आणि काही वेळा कंपन्यांनी वॉरंटी संपल्यावरही पडदा मोफत बदलून दिला. म्हणून तशी रेघ दिसली तर पैसे भरण्याआधी विचारा. अर्धा तास बीजीएमआय खेळा किंवा व्हिडिओ कॉल करा, फोन हातात धरवेनासा होतो का पाहा. रात्री बॅटरी १०० टक्के करून फोन विमान मोडवर ठेवा, सकाळी दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरली तर काहीतरी गडबड आहे. कानाला लावल्यावर पडदा बंद होतो का, हेही पाहा. स्वस्तातल्या फोनांत हा सेन्सर फसवतो आणि बोलता बोलता गालाने कॉल कटतो.

सॉफ्टवेअरमधल्या जाहिराती हा या वर्गाचा जुना रोग. सेटअप करताना ‘शिफारशी’ आणि ‘वैयक्तिक जाहिराती’ यांना नकार द्या, आधीच टाकलेल्या गेम्स आणि कर्ज देणारी ॲप काढून टाका. तासाभराचं काम आहे. माझ्या फोनचा निम्मा वैताग त्याने गेला.

बिघडला तर

खरेदीआधीच कंपनीच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी पाहून ठेवा. अधिकृत सर्व्हिस सेंटर चंद्रपूरला आहे की थेट नागपूरला, आणि पडद्याची किंमत किती. अनेक कंपन्या सुट्या भागांचे दर जाहीर करतात. चंद्रपूरला सेंटर असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. नागपूर म्हणजे एक खाडा, जाणं-येणं आणि फोन तिथेच राहिला तर पुन्हा एक खाडा.

सेंटरवर फोन देताना जॉबशीट घ्या आणि तीत फोनची अवस्था, ओरखडे नाहीत किंवा कुठे आहेत, लिहून घ्या. सिम काढा, बॅकअप घ्या, लॉकचा पिन सांगू नका. वॉरंटीत असताना कोपऱ्यावरच्या दुकानात फोन उघडू दिलात तर धूळ-पाणी अडवणारं सील गेलंच आणि कंपनीही हात वर करते.

कंपनी किंवा दुकानदार दाद देत नसेल तर:

- आधी लेखी तक्रार, ईमेलने. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो.
- मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
- तरी नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. घुग्घुसकरांसाठी चंद्रपूर. वर्धा नदीपलीकडचे वणीकर यवतमाळला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

बिलावर छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला घाबरू नका. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं याच कायद्याने अनुचित ठरवलं आहे.

हरवला किंवा चोरीला गेला तर आधी पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि मग संचार साथी पोर्टलवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. सापडला की तिथूनच पुन्हा सुरू करता येतो.

मग घ्यावा का?

एसी किंवा कुलरमध्ये काम, गेमची आवड, तीन-चार वर्षं फोन न बदलण्याचा बेत असेल तर घ्या, पैसे वसूल होतात. पोराला कॉलेजसाठी द्यायचा असेल तर वीस हजारांच्या आतला चांगला फोन भागवतो, उरलेल्या पैशांतून त्याच्या लॅपटॉपसाठी बचत सुरू होते. दिवसभर उन्हात, धुळीत, गाडीवर असणाऱ्यांनी मात्र प्रोसेसरचं नाव विसरून तीन गोष्टींवर फोन निवडावा: आयपीचा पहिला आकडा ६, मोठी बॅटरी आणि चंद्रपुरात सर्व्हिस सेंटर. या तिन्ही गोष्टी वीस-बावीस हजारांत मिळत असतील तर वरचे दहा हजार खर्चू नका.